बारावी सायन्सनंतर बीएला समाजशास्त्र, तेही मराठीतून, चालेल का?

हो ताई, बिनधास्त घे. बीएला कुठल्याही शाखेची बारावी पास चालते आणि मराठीतून पेपर लिहिले म्हणून डिग्री हलकी होत नाही, यूपीएससी मेन्सलासुद्धा समाजशास्त्राचे पेपर मराठीत लिहिता येतात. मी धुळ्याला हाच विषय शिकवतो म्हणून ठाम सांगतोय, सायन्सवाली मुलं यात मागे पडत नाहीत, उलट सर्व्हे आणि आकडेवारी आली की तीच पुढे असतात. फक्त एक आहे, पुढे एमएसाठी बाहेरच्या केंद्रीय विद्यापीठात जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती मराठीत नसते, म्हणून पहिल्या वर्षापासूनच वहीत दोन रकाने पाड, एकीकडे ‘सामाजिक गतिशीलता’ आणि समोर ‘सोशल मोबिलिटी’, रोज पाच शब्द केले तरी पुरे. आणि गाईडवर राहू नकोस गं, तू यावलची म्हणतेस ना, मग केळी कापणीच्या टोळीत मजुरी कशी वाटली जाते, बायांना किती मिळते, सातपुड्यातले पावरा आदिवासी मजूर कधी उतरतात हे स्वतः विचारून लिहून ठेव, प्रोजेक्टला तेच कामी येतं.