वाटेच्या तंट्यात कुणाचं चालतं, कुणाचं नाही

अ. उ. आ.

शेतरस्त्याच्या तंट्यात मध्यस्थी करणार आहेस, तर कायदा उघडण्याआधी एक बघ: आपलं इथं काहीच चालत नाही, असं कुणाला वाटतंय?

रस्त्यालगतच्या पुढच्या रानाचा मालक सबळ आणि त्याच्या रानातून वाट लागणारा मागचा दुबळा, असं सगळे धरून चालतात. तोडणीची टोळी फडात उतरली की ते खरंही असतं. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. अशात पुढच्यानं वाटेत चर मारली की मागच्याचा हात दगडाखाली. मग तो कशालाही हो म्हणतो. तो होकार धरून चालू नकोस. ऊस कारखान्यावर गेला की हाच माणूस रात्रीतून बांध कोरतो, नाहीतर पाइप फोडतो. समोर बोलायची सोय नसली की भांडण आडून चालतं.

आता पुढच्याकडे बघ. आज वाट दिली आणि उद्या ती सातबाऱ्यावर चढली, तर आपल्याच जमिनीत आपलं चालणार नाही, ही त्याची धास्ती. वर गावानं आडमुठा ठरवलेलं. नुरित श्नाबेल आणि आरी नॅडलर या मानसशास्त्रज्ञांची २००८ मधली मांडणी इथं उपयोगी पडते: ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गेलेला जोर परत हवा असतो, ज्याच्यावर ठपका आला त्याला आपण माणूस म्हणून वाईट नाही, ही मान्यता. बैठकीत मात्र पहिल्याची कीव होते आणि दुसऱ्याला झापलं जातं. पहिला आणखी खचतो, दुसरा हट्टाला पेटतो.

म्हणून दोघांना आधी वेगवेगळं भेट. मागच्याला त्याच्या हातात काय आहे ते सांग. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदारांकडे दावा. रस्ता मुळातच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली बांधावरून मागायचा. दोन्हींची सरमिसळ नको. एवढं कळलं की तो विनवण्या सोडून अटी बोलू लागतो. हेच पुढच्यासमोर बोललास, तर ती धमकी.

पुढच्याला एवढंच विचार, "वाट कुठून गेली तर तुमचं नुकसान कमी?" आखणी त्यालाच सुचवू दे. मग दोघांना घेऊन रानात दोरी धर. कोपऱ्यावर ट्रॉली वळते का ते बघ. सरळ पट्ट्याची रुंदी सगळे ठरवतात आणि गाडी वळणावर अडते. मुरूम कोण टाकणार, वाटेखालच्या पाइपचा खर्च कुणाचा, तेही कागदावर घे.

ऐन तोडणीत फक्त त्या हंगामापुरतं लिहून घे, कायमचं उन्हाळ्यात. पण थांबताना ते सहा महिने मोजत राहा. मुदत संपत आली तर दावा टाकून बोलणी चालू ठेवता येतात. फक्त पुढच्याला हे आधी तुझ्या तोंडून कळू दे; थेट नोटीसच हातात पडली, तर पुढच्या बैठकीला तो येत नाही.