सीडींचा संग्रह हार्डडिस्कवर, आवाज त्याच स्पीकरमधून

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीताच्या सुमारे ४०० सीडी आहेत. सीडी प्लेअर आता निम्म्या सीडी वाचत नाही आणि त्याची लेन्स बाजारात मिळत नाही. ॲम्प्लिफायर व स्पीकर ठणठणीत आहेत. सगळा संग्रह संगणकावर घेऊन याच सिस्टिमवर ऐकायचा, तर काय घ्यावं लागेल? आवाजाचा दर्जा उतरेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दर्जा उतरण्याचं कारण नाही. सीडीवर आवाज म्हणजे आकडेच असतात: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डाव्या-उजव्या बाजूचा वेगळा. हे आकडे जसेच्या तसे हार्डडिस्कवर उतरले की गाणं तेच राहतं. म्हणून सगळी मेहनत या पहिल्या पायरीवर घ्या. बाकीची उपकरणं पुढे कधीही बदलता येतात. ४०० सीडी दुसऱ्यांदा वाचायला कोणी बसत नाही, आणि तोवर त्यातल्या काही खराबही झालेल्या असतात. घरी ‘राइट’ केलेल्या सीडी असतील तर त्यांचा नंबर पहिला, कारण त्यांच्यातला रंगाचा थर छापील सीडीपेक्षा लवकर उडतो.

ड्राइव्ह म्हणून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर पुरतो. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबमधून त्याला पुरेसा करंट मिळत नाही आणि तो वाचता वाचता बंद पडतो. विंडोजसाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ आणि मॅकसाठी ‘एक्सएलडी’ हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत. त्यात सिक्युअर मोड निवडा. साधा प्रोग्राम सीडी एकदाच वाचतो. चरा आडवा आला की ड्राइव्ह गहाळ भाग अंदाजाने भरून देतो आणि ऐकताना तिथे टिकटिक येते. सिक्युअर मोड संशयाची जागा पुन्हा पुन्हा वाचतो. मात्र ड्राइव्ह कॅश करतो का, म्हणजे वाचलेला भाग स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवतो का, हे सेटिंगमध्ये आधी तपासून घ्या. करत असेल आणि प्रोग्रामला ते माहीत नसेल, तर ड्राइव्ह सीडी न वाचता आपल्या स्मृतीतलंच पुन्हा देतो.

वाचन झालं की ‘ॲक्युरेटरिप’ची सोय तुमचा निकाल इतरांनी वाचलेल्या त्याच सीडीशी ताडून पाहते. मराठी सीडी, त्यातही छोट्या कंपन्यांच्या, तिथे अनेकदा सापडत नाहीत. तेव्हा ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा: प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे ट्रॅकच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळला की वाचन बरोबर धरावं. जुळला नाही तर सीडी काढा, सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. सीडीची चूकदुरुस्ती आडवा ओरखडा सहज भरून काढते. ट्रॅकच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, गेलेला लांब ओरखडा तिला झेपत नाही. छापील बाजू तर अधिकच जपा. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक आहे, पण नावाच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या थरावर फक्त लॅकर आणि शाई असते. सीडी दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली, तर तो थरच गेलेला आहे आणि कितीही पुसून उपयोग नाही.

फाइल फ्लॅक या प्रकारात साठवा. त्यात आवाजातलं काहीही टाकून दिलं जात नाही, तरी जागा जवळपास निम्मी लागते. तासाभराची सीडी मुळात ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये ती साधारण ३५० एमबी होते. म्हणजे ४०० सीडी १४० जीबीच्या आसपास. फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्यांनी फक्त फाइलचा आकार आणि ती बनायला लागणारा वेळ बदलतो, आवाज नाही. एक टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

आता नावांचं काम, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो. बहुतेक सीडींवर ट्रॅकची नावं नसतातच; प्रोग्राम ती इंटरनेटवरच्या याद्यांतून आणतो आणि आपल्याकडच्या सीडींसाठी ती वाटेल तशी असतात. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि तेच नाव रोमन लिपीत, असे तीन गायक यादीत उभे राहतात. एकच रूप ठरवा आणि रिप करतानाच, म्हणजे सीडी हार्डडिस्कवर उतरवतानाच, दुरुस्त करा. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या रकान्यांत, देवनागरी व्यवस्थित बसते. राग आणि ताल यांचे स्वतंत्र टॅगही करता येतात, आणि ते जरूर करावेत: संध्याकाळी ‘पूरिया धनाश्री’ शोधल्यावर चार गायकांची चार गायनं एकत्र दिसतात, ते सीडीच्या कपाटात कधीच जमलं नसतं. अनेक गायकांच्या नाट्यसंगीत संकलनाला ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात एकच नाव द्या, नाहीतर एका सीडीचे गायकागणिक तुकडे पडतात.

ऐकण्यासाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर गाणी वाजवणारा ‘मूड ऑडिओ’ किंवा ‘व्हॉल्युमिओ’ हा प्रोग्राम, आणि त्याला एक यूएसबी डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणारं उपकरण), एवढं पुरे. गाणं मोबाइलवरून निवडायचं. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर द्या. मोबाइलच्या चार्जरवर तो अडखळतो. त्याच्या हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊ नका, तो हायफायच्या लायकीचा नाही. डॅकची आरसीए वायर ॲम्प्लिफायरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ सॉकेटमध्ये लावा. ‘फोनो’मध्ये कधीही नाही: तो रेकॉर्ड प्लेअरच्या दुबळ्या सिग्नलसाठी असतो, त्यात आवाज फाटतो आणि खर्ज नको तितका फुगतो. प्लेअरमधला व्हॉल्यूम ‘फिक्स्ड’ ठेवून आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणाने कमी-जास्त करा, पण पहिल्यांदा वाजवण्याआधी ते बटण शून्यावर आणा. पायची वीज थेट बंद करू नका. आधी ‘शटडाउन’, नाहीतर मेमरी कार्ड बिघडतं.

प्रश्न : रिप केलेल्या सीडीत आलाप संपून विलंबित ख्याल सुरू होतो तिथे क्षणभर आवाज तुटतो. सीडी प्लेअरवर असं होत नव्हतं. फाइल एमपी३ आहेत.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एमपी३ ठरावीक लांबीच्या चौकटींत, ११५२ नमुन्यांच्या गटांत, बांधली जाते. सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरल्याशिवाय तिची चौकट पुरी होत नाही, आणि तीच तुम्हाला ऐकू येते. फ्लॅकमध्ये ट्रॅक नेमका जिथे संपला तिथेच संपतो. म्हणून त्या सीडी पुन्हा फ्लॅकमध्ये रिप करा. एमपी३चं फ्लॅकमध्ये रूपांतर करून गेलेलं काही परत येत नाही. वाजवणाऱ्या उपकरणातही ‘गॅपलेस’ची, म्हणजे दोन ट्रॅक खंड न पडता वाजवण्याची, सोय हवी, ती नसेल तर त्या रागाचे सगळे ट्रॅक जोडून एकच फाइल करा. रिप करताना ट्रॅकमधली जागा मागच्या ट्रॅकला जोडण्याचा पर्याय ठेवा. ती वगळण्याचा पर्याय निवडला, तर मैफिलीच्या ध्वनिमुद्रणातली दाद आणि तंबोऱ्याची आस कापली जाते.

प्रश्न : लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडला की ‘हूंऽऽ’ असा आवाज येत राहतो. वायर बदलून पाहिली.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : गाणं चालू ठेवून लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला, तर हे अर्थिंगचं वेटोळं आहे: लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर दोन वाटांनी अर्थला जोडले गेलेत आणि ५० हर्ट्‌झची वीज आरसीए वायरच्या जाळीतून फिरते आहे. आधी दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. ॲम्प्लिफायरला सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल, तर त्याची केबल काढून पाहा; पुष्कळदा दोषी तीच असते. तरीही राहिला, तर ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक घ्या. ऑप्टिकल वायरीतून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंध उरत नाही. लॅपटॉपला ऑप्टिकल सॉकेट नसेल, तर यूएसबी डॅक वापरून लॅपटॉप आणि डॅक यांच्यामध्ये यूएसबी आयसोलेटर बसवा, तो दोघांमधला विजेचा संबंध तोडतो. आरसीए वायरीत घालायचा स्वस्त आयसोलेटर घुमणं थांबवतो, पण तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणाही खातो. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून हा उपाय करू नका. लॅपटॉपचा किंवा ॲम्प्लिफायरचा पत्रा कधी ‘लाइव्ह’ झाला, तर तीच पिन जीव वाचवते.