'मुद्रणक्षम' की 'मजकूर देणारा'?

प्रश्न असा आहे : गो या संगणकभाषेत आपण स्वतः घडवलेला प्रकार (टाइप) 'स्ट्रिंगर' या इंटरफेसच्या, म्हणजे प्रकाराला कोणती फंक्शने (मेथड) जोडलेली हवीत हे सांगणाऱ्या यादीच्या, साहाय्याने हवा तसा प्रिंट करता येतो, अशा प्रकाराला 'मुद्रणक्षम' म्हणावे काय, आणि इंटरफेसला मराठीत कोणता शब्द योजावा?

'मुद्रणक्षम' मला पटत नाही. 'कार्यक्षम' म्हणजे कार्य करण्यास समर्थ. त्या न्यायाने 'मुद्रणक्षम' हे विशेषण छापणाऱ्या यंत्राला शोभेल. 'मुद्रणीय' म्हटले, तर 'वाचनीय'प्रमाणे छापण्याच्या योग्यतेचा अर्थ डोकावतो. शिवाय गोमध्ये हा इंटरफेस नसतानाही प्रकार प्रिंट होतोच. फक्त त्याची आतली मूल्ये उघडीवाघडी दिसतात. प्रमाणित लायब्ररीतील वाराचा प्रकार पाहावा. तो मुळात पूर्णांक आहे आणि रविवारची किंमत 0 आहे; तरी प्रिंट केल्यावर 'संडे' असे उमटते, कारण त्या प्रकाराला 'स्ट्रिंग' नावाची मेथड आहे आणि छपाईसाठीच्या 'एफएमटी' पॅकेजमधील फंक्शने ती आढळताच तिला बोलावून तिने दिलेला मजकूर छापतात. म्हणजे प्रकार मजकूर देतो, छापणारे दुसरेच असते. 'रीडर', 'रायटर', 'स्ट्रिंगर' ही गोमधील नावेही कर्तृवाचकच आहेत, आपल्या 'वाचक', 'लेखक' यांसारखी. म्हणून मी 'मजकूर देणारा प्रकार' असे लिहीन. 'शब्दरूप देणारा' हा पर्यायही मनात आला होता, परंतु व्याकरणात 'शब्दरूप' म्हणजे नामाची विभक्तीतील रूपे, आणि त्या रुळलेल्या अर्थाला धक्का लावू नये.

इंटरफेससाठी पटल किंवा पृष्ठ सुचवणारे शब्द पडद्यावरील मांडणीला ठीक आहेत. येथे मात्र पृष्ठभाग कोठेच नाही. काही जण 'करार' म्हणतात. जावा या भाषेत किंवा रस्ट या भाषेतील ट्रेटबाबत (तिथल्या इंटरफेससारख्या घटकाबाबत) तो चालेल, कारण तेथे प्रकाराच्या वतीने तशी स्पष्ट घोषणा करावी लागते. गोमध्ये घोषणा नसते. ठरलेली मेथड असली की झाले, इंटरफेसचे नावही त्या प्रकाराला ठाऊक असावे लागत नाही. 'निकष' म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड, आणि सोन्याने त्या दगडाशी आधी काही ठरवलेले नसते. त्यामुळे संज्ञा म्हणून 'इंटरफेस' तसाच ठेवावा, पण गोविषयी समजावून सांगताना 'निकष' वापरावा, असे माझे मत आहे. नवशिक्यांना नेहमी अडवणारी गोष्टही मग सरळ मराठीत सांगता येते : मेथड पॉइंटरवर (मूल्याचा स्मृतीतील पत्ता धरणाऱ्यावर) लिहिलेली असेल, तर निकष पॉइंटर पूर्ण करतो, नुसते मूल्य करत नाही, म्हणून ते मूल्य प्रिंट करताच पुन्हा आतली कच्ची मूल्येच दिसतात.