फोडणीने सगळं माफ होत नाही

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषात आला आहे: "नीट गरम केलं तर चालेल ना?" त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. दोन पत्रं मात्र पोटापेक्षा मनाला लागलेल्या गोष्टीची आहेत. तीही घेतली.

प्रश्न : रात्री उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, ही आमच्याकडची पद्धत. मी तो फ्रिजमध्ये ठेवायला गेले की सासूबाई म्हणतात, "चाळीस वर्षं खातोय, कुणाला काही झालंय का?" कुणाचं बरोबर? (गृहिणी, सांगली)

सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण घरात सकाळी दहा-अकराला कुणाला उलट्या झाल्या, तर "पित्त झालं" म्हणून आलं-लिंबू दिलं जातं. पातेल्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

तांदळाबरोबर मातीतून बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजं येतात. भात शिजताना जिवाणू मरतात, बीजं तगून राहतात. भात कोमट झाला की ती रुजतात, आणि रात्रभरात वाढणारे जिवाणू भातात विष सोडतात. हे विष फोडणीलाच काय, कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही. सकाळी तुम्ही भात कितीही खमंग परता. जिवाणू मरतील, त्यांनी केलेलं विष तसंच राहील. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते जड जातं.

आता नुसतं "फ्रिजमध्ये ठेवा" म्हणूनही भागत नाही. आमच्याकडे एकदा पंचवीस पानांचं जेवण होतं. उरलेला भात मी पातेल्यासकट, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये सरकवला. सकाळी मधोमध बोट खुपसून पाहिलं, तर भात अजून कोमट! फ्रिजमध्ये ठेवल्याचं समाधान तेवढं मिळालं.

म्हणून जेवणं आटोपली की उरलेला भात परातीत पसरा, वर जाळी घाला आणि पंख्याखाली ठेवा. तासाभरात गार होतो. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. शिजल्यापासून फ्रिजपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका. सासूबाईंपुढे जिवाणूंचं नाव काढू नका. फ्रिजमधल्या भाताची शितं सुटी राहतात, फोडणीचा भात गिचका होत नाही, एवढंच सांगा. चवीपुढे त्यांचा विरोध टिकायचा नाही.

प्रश्न : साबुदाणा घाणेरड्या खड्ड्यांत पायाने तुडवतात, त्यात किडे पडतात, म्हणून तो उपवासालाच काय, शाकाहारालाही चालत नाही, असा मेसेज फिरतो आहे. आता उपवासाला खायचं काय? (वाचक, परभणी)

हा मेसेज जुना आहे, दर श्रावणात नव्याने उगवतो. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. त्याचं मोठं केंद्र म्हणजे तमिळनाडूतलं सेलम. कंद सोलून, धुऊन, पाण्याबरोबर किसतात. त्याचं पांढरं दूध गाळून टाक्यांत निवळू देतात, तळाच्या ओल्या पिठाचे हलवून हलवून गोळे करतात, भाजतात आणि वाळवतात. एखाद्या कारखान्यात अस्वच्छता नसेलच असं नाही, पण ती आपल्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडेही असते. तेवढ्याने कंद मांसाहारी होत नाही. (गंमत म्हणजे खिचडीतला साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्या एकादशीला ती बरीच उशिरा येऊन बसली.)

तुम्ही परभणीचे, म्हणून खरी काळजी कशाची करायची ते सांगतो. भगरीच्या पिठाची. शिवरात्र आणि नवरात्रात भगरीच्या भाकरी खाऊन गावंच्या गावं दवाखान्यात दाखल झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून येत असतात. भगरीला ओल लागली की बुरशी धरते. अख्ख्या दाण्यावर ती निदान डोळ्यांना दिसते, वासाला कळते. पीठ झालं की काहीच कळत नाही. त्यातून सुटं पीठ दुकानात कधीपासून पडलंय, हे दुकानदारही सांगू शकणार नाही. आणि बुरशीची विषं तव्यावर जळून जात नाहीत. अन्न व औषध प्रशासनही हेच सांगत असतं: भगर अख्खी घ्या, तारीख पाहून बंद पाकिटातली घ्या, निवडून धुऊन वाळवा, आणि लागेल तेवढीच घरी दळा.

हाच नियम शेंगदाण्यांना. काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे दाणे निवडून फेका. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते यकृतावर जातं. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, ती याच विषाने. खवट दाणे भाजून कूट करणारे हात आपल्या घरात असतात. "टाकवत नाही" हे मला कळतं, पण टाका.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे. नातवंडं पिझ्झा मागवतात. चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात असं वाचलं. पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी संशय घ्यावा का? (निवृत्त शिक्षक, पंढरपूर)

वाचलंत ते खरं आहे, पण त्याला एक 'पण' आहे. दूध साकळवायला रेनेट लागतं आणि ते पूर्वापार दूधपित्या वासराच्या जठरातून काढत आले. आता तेच काम सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट करतं. हिरवा ठिपका असलेल्या पाकिटात वासराचं रेनेट वापरता येत नाही. इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोला मात्र नियमानेच वासराचं रेनेट लागतं. तेव्हा हॉटेलात वरून भुरभुरवलेलं चीज कुठलं, ते विचारा. विचारायला लाजू नका. उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच.

मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे. पूर्वी ती गोल होती, पण ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांना हिरव्या-तपकिरी ठिपक्यांतला फरक कळेना, म्हणून आकार बदलला.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. कायद्याच्या व्याख्येत दूध, मध, मेण आणि लाख ही प्राण्यांपासून येऊनही हिरव्या ठिपक्यात बसतात. चमकदार गोळ्या-चॉकलेटांवरचा लेप पुष्कळदा लाखेचा असतो, आणि लाख म्हणजे किड्यांनी सोडलेला चीक. शिवाय म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. जन्मलेल्या रेडकांतली निम्मी नर असतात, त्यांचं पुढे काय होतं ते दुधाच्या पिशवीवर छापत नाहीत. ठिपका कायद्याने आखलेली रेघ दाखवतो; माळेची रेघ कुठे आखायची ते तुम्ही ठरवायचं. लाख चालवून घेणारे माळकरी मी पाहिलेत, चहा सोडलेलेही पाहिलेत. दोघांनाही नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. नातवंडांवर मात्र सक्ती करू नका, पाकीट वाचायला शिकवा.

प्रश्न : मी मालवणचा. मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, मासे सोडा." सोडवत नाहीत, पण तिचं बोलणं मनात राहिलंय. मधला मार्ग आहे का? (वाचक, मालवण)

मासा मरतोच, त्याला मधला मार्ग नाही, आणि त्या बाबतीत तुमची मुलगी जिंकली. मात्र कोणता, केवढा आणि कधीचा मासा खायचा, यात तुमच्या हातात बरंच आहे.

पहिली मोरी सोडा. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात, हे ठाऊक आहे. पण मोरी म्हणजे शार्क. ती वयात यायला वर्षं घेते आणि पिल्लं मोजकी देते. बाजारात हातभर लांबीची जी मोरी दिसते ती पोरही असू शकते. शिवाय मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणजे गरोदर आणि बाळंत बाईलाच ती सर्वांत कमी योग्य. तारली, बांगडा, बोंबील भराभर वाढतात, भराभर वितात. त्यांच्यावर हात मारा. तळहातात मावणारा पापलेट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांना पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. गिऱ्हाईक पिल्लू घेतं तोवर जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीकच राहणार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना बंदी असते. त्या दिवसांत सुकं खायची कोकणची जुनी रीत उत्तम.

आणि बांगडा उन्हात तासन् तास पडलेला नको. त्यात हिस्टामिन तयार होतं, खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. तळलं तरी ते जात नाही. २०१८ साली गोव्यात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन लावतात यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून लोक बर्फातल्या माशालाच घाबरतात. घाबरायचं बर्फ नसलेल्या माशाला. कल्ला उचलून पाहा: लाल हवा. डोळा फुगीर हवा. बोटाने दाबलेलं मांस वर यायला हवं.

प्रश्न : नातू झालाय. बारशाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा आहे. सून नको म्हणते. मध उकळून घेतला तर? (आजी, नाशिक)

सुनेचं ऐका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. बोटभर नको, उकळून नको. मधात बॉट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूची बीजं असू शकतात आणि घरच्या उकळीने ती मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात. मग शी होत नाही, रडणं क्षीण होतं, मान टाकली जाते. असं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं. अंगठी नातवाला भेट द्या. मधाची बाटली पहिल्या वाढदिवसानंतर उघडा.