नवऱ्यापासून वेगळं राहताना स्वतःचं घर घेतलं तर अर्धं त्याला जातं का?

"मॅडम, मी आत्ता फ्लॅट घेतला आणि पुढे घटस्फोट झाला तर अर्धा त्याला द्यावा लागेल ना?" हा प्रश्न घेऊन बऱ्याच जणी येतात. नाशिकच्या एक ताई अशाच आलेल्या, दवाखान्यात नर्स, मूलबाळ नाही, माहेरी राहतायत पण केस अजून टाकलेली नाही. वन बीएचके पसंत केलेला, टोकन द्यायचं तेवढं बाकी, आणि मैत्रीण म्हणाली आधी घटस्फोट घे मग घर घे, झालं, झोपच उडाली बिचारीची.

तर ताई, हिंदू विवाह कायद्यात लग्न झालं म्हणून एकमेकांच्या कमाईच्या घरात आपोआप अर्धी मालकी येत नाही. गोव्यात वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मिळकत दोघांची धरतात. आपल्याकडे खरेदीखतावर नाव कोणाचं आणि पैसे कोणाचे हे बघतात. पोटगी ठरवताना कोर्ट दोघांचीही कमाई आणि मालमत्ता विचारात घेतं, पण ती पोटगी, घरातला हिस्सा नाही.

मला खरी काळजी वाटली ती त्यांचं पासबुक बघून. पगार अजूनही नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यात जमा होत होता आणि डाउन पेमेंट त्यातूनच करायचं ठरलेलं! उद्या त्याने यात माझेही पैसे आहेत म्हणून दावा लावला तर कुठला रुपया कोणाचा हे सिद्ध करत बसायचं. म्हटलं आधी स्वतःचं खातं काढा, पगार तिकडे वळवा, वडील रोख देणार होते ते पण त्यांच्या खात्यातून घ्या. लोनच्या एजंटने नवऱ्याला को-अ‍ॅप्लिकंट घ्यायलाच लागेल सांगितलेलं, पण पगारावर लोन बसत असेल तर एकटीच्या नावावर होतं, आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली.

आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही. घटस्फोटाआधी बाईचं काही बरंवाईट झालं, मृत्युपत्र नसलं आणि मूल नसलं, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिने कमावलेलं घर नवऱ्याला जातं, वेगळे राहत असले तरी, आणि नवरा नसेल तर आधी त्याच्या वारसांना, आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. "म्हणजे माझ्या आईला काहीच नाही?" ताई एकदम गप्पच झाल्या. सोसायटीत आईला नॉमिनी केलं की झालं असं त्यांना वाटत होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करूनही होतं, रजिस्टर करायची सक्ती नाही पण केलेलं बरं.

ताबा मिळायच्या आधीच त्यांनी ते करून टाकलं. आता संमतीने घटस्फोटाचं चाललंय, आणि फ्लॅटचा पूर्ण पत्ता टाकून त्यावर नवऱ्याचा काही हक्क नाही हे अटींमध्येच लिहून घ्या असं मी त्यांच्या वकिलांना कळवलंय.