एच-१बीवर अमेरिकेत भाड्याची घरं: कर्ज आणि सौदे

तुमचे प्रश्न दोन: एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आल्यावर भाड्याने देण्यासाठी घर घ्यायला कर्ज मिळेल का, आणि परवडणारे सौदे सापडतात कुठे.

कर्ज मिळतं. मात्र यूट्यूबवर अजूनही सांगतात तो ‘एफएचए, साडेतीन टक्के डाऊन’चा रस्ता (सरकारी हमीचं कर्ज, किमतीच्या साडेतीन टक्केच सुरुवातीला स्वतःचे भरून) तुम्हाला बंद आहे. २५ मे २०२५पासून तात्पुरत्या व्हिसावरच्यांना एफएचए कर्ज मिळत नाही. तुमच्या कामाचं आहे फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) नियमांतलं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं कर्ज. तिथे कायदेशीर वास्तव्य पुरतं. पण काही बँका आपल्या जादा अटी लावतात, तेव्हा तीन-चार ठिकाणी विचारा.

दोन ते चार युनिटचं (स्वतंत्र बिऱ्हाडांचं) घर घेऊन एका युनिटमध्ये स्वतः राहिलात तर डाऊन पेमेंट ५ टक्के. तेच घर निव्वळ गुंतवणूक म्हणून घेतलं तर २५ टक्के, आणि एकच युनिट असेल तर १५. हा फरक एवढा मोठा आहे की पहिलं घर स्वतः राहण्यासाठीच घ्यावं. साधारण एक वर्ष राहायची अट असते. मग बाहेर पडून तेही युनिट भाड्याने द्या. राहायचं नसताना ‘राहणार’ म्हणून सही करणं हा फ्रॉड आहे, व्हिसावर असताना तर नकोच.

पैशांची तयारी आधीपासून करा. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आला की सिक्युअर्ड, म्हणजे आधी ठेव ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. क्रेडिट स्कोअर तयार व्हायलाच सहा महिने लागतात. बँक दोन महिन्यांची स्टेटमेंट मागते आणि मोठी रक्कम जमा दिसली की ती कुठून आली ते विचारते. आई-वडिलांनी दिलेले पैसे राहत्या घराला गिफ्ट लेटरसह चालतात, गुंतवणुकीच्या घराला चालत नाहीत. त्यांना भारतातून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो, तो त्यांच्या रिटर्नमध्ये वळता होतो. वर्षात एक लाख डॉलरवर भेट आली तर तुम्ही इथे अमेरिकी कर खात्याचा फॉर्म ३५२० भरायचा. कर लागत नाही, पण फॉर्म चुकला तर दंड जबर.

पुढच्या घरांसाठी डीएससीआर कर्ज बघा. त्यात तुमचा पगार नाही, भाडं बघतात: भाडं २,१०० आणि कर-विम्यासह हप्ता २,००० असेल तर गुणोत्तर १.०५. डाऊन बहुधा २० ते २५ टक्के, व्याज चढं. लवकर फेडल्यास दंड किती वर्षं आहे ते सहीआधी वाचा.

सौद्यांचं म्हणाल तर सुरुवात एमएलएसवरूनच (एजंटांची विक्रीच्या घरांची सामायिक यादी) करा. दोन महिने न विकता पडून असलेली, किंमत उतरवलेली घरं एजंटकडून मागवा. (ऑगस्ट २०२४पासून घर दाखवण्याआधी एजंट लेखी करार करून घेतो, कमिशनचा आकडा तिथेच ठरवा.) होलसेलरने (घराचा करार करून तो पुढे विकणाऱ्याने) दिलेली ‘दुरुस्तीनंतरची किंमत’ फुगवलेली समजा आणि जवळपास सहा महिन्यांत विकलेल्या घरांशी ताडून बघा. लिलावात रोख लागते, घर आतून बघायला मिळत नाही. नवख्याने जाऊ नये.

हिशेब बहुतेकदा फसतो तो प्रॉपर्टी टॅक्समध्ये. लिस्टिंगवरचा आकडा जुन्या मालकाच्या होमस्टेड सवलतीचा (मालक स्वतः राहत असेल तर मिळणारी करसवलत) असतो. विक्रीनंतर ती जाते आणि बऱ्याच राज्यांत मूल्यांकनही वाढतं. टेक्साससारख्या जास्त कराच्या राज्यात नफा तिथेच संपतो. त्याशिवाय भाड्यातून रिकामे महिने ५ ते ८ टक्के, दुरुस्ती १० आणि घर सांभाळणारा मॅनेजर ८ ते १० टक्के वजा करा. मॅनेजर हवाच: घराची मालकी आणि भाडं व्हिसात बसतं, पण स्वतः राबून घरं नीट करून विकणं हे काम ठरू शकतं. त्याबद्दल आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

इन्स्पेक्शनची अट सोडू नका. जुन्या घरात सांडपाण्याच्या लाइनमध्ये कॅमेरा घालून वेगळी तपासणी करून घ्या. ती नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये येत नाही आणि लाइन बदलायचा खर्च हजारोंत जातो.