नोकरी सोडायच्या आधी एकदा पावसात ये

अरे,

तुझा मेल वाचला. पहिली कादंबरी अर्ध्यावर अडकली म्हणून सगळं सोडून सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे खेळायची जुन्या पद्धतीची गोल पानं, रंगवायला शिकायला येतोस म्हणे. आधी ते सर वगैरे सोड, काका म्हण. मीपण तीन कादंबऱ्या लिहूनच इकडे आलोय आणि तिसरीचे गठ्ठे अजून प्रकाशकाच्या गोदामात पडलेत.

दशावतारी गंजिफेचा एक सेट म्हणजे १२० पानं, दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, सगळी गोल आणि सगळी हाताने. मत्स्याची दश्शी म्हणजे दहा मासे, आणि दहावा मासा पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. कादंबरीत कंटाळा आला की मी पात्राला एसटीत बसवून मुंबईला पाठवायचो, इथे माशाला कुठे पाठवणार?

पहिले कितीतरी महिने मी रंगाला हातच लावला नाही, नुसती चिंचोक्याची खळ, लावायची, वाळवायची, घोटायची, परत लावायची. ज्यांच्याकडे शिकलो ते बाबा चूक दाखवायचे नाहीत, पान उचलून बाजूला ठेवायचे आणि मी काही विचारलं की "घाई कित्याक?" एवढंच. एवढं तर मला कुठल्या संपादकाने झापलं नव्हतं.

आणि पैशाचं बोलूया. ही कला जवळजवळ गेलीच होती, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात कारागीर बसवून काम सुरू केलं म्हणून वाचली. म्हणजे बसायला जागा आणि माल घेणारं कुणीतरी लागतंच, नुसत्या प्रेमावर काय होत नाही. आता गंजिफा खेळतंय कोण, लोक फ्रेम करून भिंतीला लावतात. त्यामुळे माझा निम्मा दिवस लाकडी आंबे, केळी, काजू रंगवण्यात जातो, घर त्याच्यावर चालतं, आणि खरं सांगू, तो आंबा रंगवायला मला आवडतोसुद्धा.

तुला नक्की काय नको झालंय, लिहिणं की तासन्‌तास एका जागी बसणं? बसणं असेल तर नको येऊस, इथे जास्त बसावं लागतं.

तरी यायचंच असेल तर मे महिन्यात आंबे खायला नको, जुलैत ये. रंग वाळत नाही, लाकडाला बुरशी, लाईट गेलेली, गिऱ्हाईक शून्य. आठ दिवस राहा, जेवण आमच्याकडेच. आणि येताना शून्य नंबरचे चार ब्रश आण, माझे पार झडलेत.

काका